बाराच्या पुढची उठाबस

"हात न टेकता उठून दाखवा," डॉक्टर म्हणाले. मी तीनदा जोर केला आणि तिन्ही वेळा खुर्चीतच राहिले. तपासण्या झाल्यावर त्यांनी नाव सांगितलं, सार्कोपेनिया. म्हणजे वयानं आणि बसून राहिल्यानं स्नायू झिजणं. यावर औषधापेक्षा व्यायामच कामाचा, म्हणाले.

मी बहात्तर वर्षांची. गारगोटीच्या शाळेतून निवृत्त झाले, आता कोल्हापूरजवळ ज्येष्ठांच्या वसाहतीत राहते. पडण्याची भीती मला नव्हती. पण त्याआधीच्या पौर्णिमेला विहारात वंदनेसाठी गुडघे टेकले आणि दोघींनी काखेत हात घालून मला उठवलं. इतकी लाज वाटली की पुन्हा गेलेच नाही. लहानपणी आईबरोबर सुरू झालेली वंदना सुटली, म्हणून रडलेही.

तरी व्यायाम? छे. फिजिओथेरपिस्ट बाईंनी कागदावर लिहून दिलं होतं, रोज वीस वेळा खुर्चीतून उठा. जन्मभर पोरांना उठाबशा काढायला लावल्या, आता माझी पाळी, असं पुटपुटत मी तो कागद उशीखाली सरकवला.

आठवड्यानं शेजारच्या खोलीतल्या अक्का आल्या. कागलकडच्या. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर त्यांनाही हाच व्यायाम होता.

"बाई, माझं मोजणं चुकतंय. जरा शिकवा की."

शिकवायचं म्हटल्यावर मी कशी गप्प बसेन? रोज सकाळी व्हरांड्यात त्यांच्यासमोर खुर्ची टाकू लागले. बाराच्या पुढं त्या हटकून अडखळायच्या. मग मी, सुरुवातीला हात टेकून का होईना, उठून दाखवायचे आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू.

दोन महिन्यांनी चहा पिता पिता त्या सहज बोलून गेल्या, तीस वर्षं गावच्या डेअरीत दूध मोजून घेत होते म्हणून. मी कप खाली ठेवला. मग बाराच्या पुढं का येत नाही, असं विचारलं.

"येतंय की," अक्का शांतपणे म्हणाल्या. "पर फिजिओच्या बाई म्हणाल्या, ह्या मास्तरीण हाईत, स्वतःसाठी उठायच्या न्हाईत."

राग यायला हवा होता. मला हसू आलं आणि फार बरं वाटलं. तुमच्यापैकी कुणाला हे निदान झालं, तर व्यायामाचा कागद जपाच, पण आधी शेजारचं दार वाजवा.

परवाच्या पौर्णिमेला अक्का माझ्याबरोबर विहारात आल्या. मी गुडघे टेकून वंदन केलं. त्याच दोघी पुढं आल्या. त्यांना मान हलवून नको म्हटलं आणि कशाचाही आधार न घेता उठले. डोळे भरून आले.

मागून अक्का हळूच म्हणाल्या, "एक झाली. एकोणीस ऱ्हायल्या."