सोनं हुकलं, पापलेटही गेलं

आमच्या पनवेलच्या घरात एक नियम होता, आणि तो का आहे असं विचारायची सोय नव्हती. टीव्हीतला माणूस बोलत असताना मध्ये बोलायचं नाही! का? तर अण्णाकाका म्हणतात म्हणून.

आता मी रोज पहाटे वडाळे तळ्याच्या काठानं पळणारी, कॉलेजच्या संघातली मुलगी. मी हे कसं सोसावं, तुम्हीच सांगा! त्या दिवशी मुलींची दहा हजार मीटरची शर्यत चालली होती आणि टीव्हीतले गृहस्थ बोलत होते प्रमुख पाहुण्यांच्या कोटाबद्दल. शर्यत रंगात आली की चित्र जायचं उंच उडीवर. उडी मारायची वेळ झाली की प्रेक्षकांतल्या छत्र्यांवर!

"या माणसाला ओ की ठो कळत नाही," मी म्हटलं.

"सुमे, गप्प! तो टीव्हीवर आहे. तू कुठे आहेस?" अण्णाकाका गरजले.

"मी त्याच्यापेक्षा चांगलं सांगेन. सांगितलं, तर आंतरकॉलेज स्पर्धेला पुण्याला पाठवाल?"

तेच तर अडलं होतं. पुण्याला जायला काकांचा होकार हवा होता.

"सांग बघू!" काका म्हणाले.

मी उठले आणि टीव्हीचा आवाज पार बंद केला. दारात उरणची हिरामावशी पाटी उतरवून बसली होती. तीही मासे विकायचं विसरून आत सरकली.

काय बोलले मी त्या दिवशी! श्वास, पावलं, कोपरं, काही सोडलं नाही. एवढ्यात चित्र पुन्हा उंच उडीवर गेलं. परत आलं तेव्हा आपली, भारताची लांब वेणीवाली सगळ्यांत पुढे, आणि दोघी तिच्या अगदी पाठीशी!

"आपली पुढे! शेवटची फेरी! पळ गं बाई, पळ!"

वेणीवालीनं रेषा ओलांडली. "सुवर्ण!" मी किंचाळले. आईनं देवापुढे साखर ठेवली. काकांनी चक्क हात जोडले.

"आमची पोर जितली! घे गो, ह्यो माज्याकडून," म्हणत हिरामावशीनं हातभर पापलेट माझ्या ओंजळीत टाकलं.

"सुमे," काका म्हणाले, "ही अजून पळतेय का?"

"मानाची फेरी काका! जिंकल्यावर मारतात."

"मग त्या मागच्या दोघी का नाचतायत?"

"...तिच्या आनंदात!"

मानाची एक फेरी झाली. वेणीवाली थांबेना. दुसरी सुरू झाली. काकांनी सावकाश उठून आवाज वाढवला. टीव्हीतले गृहस्थ दिलगिरी व्यक्त करत होते. भारताला सुवर्ण मिळाल्याचं त्यांनीही जाहीर करून टाकलं होतं! आपली मुलगी पुढे नव्हतीच. ती दोन फेऱ्या मागे होती, आणि पाठीशी दिसलेल्या त्या दोघीच पहिल्या होत्या, तिला पुन्हा गाठत आलेल्या.

"पापलेट दे गो परत," हिरामावशी म्हणाली. "आमी सोन्याला दिलता, मागं पडलेलीला नाय."

"झालं समालोचन?" काका म्हणाले. "आता पुण्याचं नाव काढायचं नाही."

तेव्हा मात्र मी पेटले.

"काढणार! चुकले मी, कबूल. पण तुमचा टीव्हीवालाही चुकला, आणि त्याला कोणी घरी बसवलं नाही. आणि मी काय पुण्याला बोलायला चाललेय? पळायला चाललेय! पळणाऱ्याला बरोबर कळतं कोण पुढे, कोण मागे. मी जाणार!"

काकांनी टीव्ही बंद केला. "जा बाई, पळ!"  

गेले की मी पुण्याला! तीन हजार मीटर. शेवटच्या फेरीची घंटा घणघणली आणि मी अशी सुटले, अशी सुटले, की विचारू नका. रेषेवर पोचले, दोन्ही हात वर केले, डोळे मिटून उभी राहिले.

पंचांनी खांद्यावर हळूच हात ठेवला. "बेटा, ती घंटा सगळ्यांत पुढच्या मुलीसाठी होती. तुझी फेरी राहिलीय."