कड्यात ओरडणारं यंत्र

झुरिकच्या विमा कचेरीतले आमचे विभागप्रमुख नेगेली यांना दुसऱ्याची चूक फार लांबून दिसायची. स्वतःच्या खोलीत मात्र वायरसुद्धा दिसता कामा नये, असा त्यांचा हुकूम होता. वायर दिसते तिथली माणसं गबाळी, हे त्यांचं तत्त्वज्ञान. दुसरं तत्त्वज्ञान त्यांच्याकडे नव्हतं.

१९९१ साल. कचेरीतले सगळे संगणक एका गोल कड्यात जोडलेले होते. कड्यात एकच परवाना फिरतो. तो हाती आला की यंत्रानं बोलायचं आणि परवाना पुढे सरकवायचा. ऐकायचं ते फक्त आपल्या आधीच्याकडून, सांगायचं ते फक्त पुढच्याला. त्यामुळे एकाचा आवाज तुटला की अख्खं कडं मुकं.

त्या हिवाळ्यात ते वरचेवर मुकं व्हायला लागलं. दर वेळी तक्रार उमटे ती फ्राउ श्टुकींच्या यंत्राकडून. या आमच्या टंकलेखिका, निवृत्तीला आलेल्या. नेगेलींनी भर बैठकीत जाहीर केलं, यंत्र नव्हे, बाईच बिघडली आहे. सोमवारपासून तळघरात, जुन्या फायलींत बदली.

नऊच्या कॉफीला बाई गिप्फेली, म्हणजे इथला चंद्रकोरीसारखा पाव, मोडत मला म्हणाल्या, "इतकी वर्षं साहेबांना माझं नाव आठवत नव्हतं. आता येताजाता घेतात. तळघरात माझे गुडघे धरतील रे."

जोडणीचं काम माझ्याकडे होतं. मी त्यांना घेऊन नेगेलींच्या खोलीत गेलो.

"साहेब, ओरडतं ते यंत्र बिघडलेलं नसतं. आधीच्याकडून काही ऐकू येत नाही, म्हणून ते ओरडतं."

"मग आधीचं कोणाचं?"

"तुमचं."

"शक्य नाही. माझं नवीन आहे."

"कपाट सरकवू का?"

कपाटाच्या पायाखाली वायर चेपून पार चपटी झाली होती. ती दिसू नये म्हणून साहेबांनी स्वतःच तिथे दडपली होती. तिच्याकडे बघत ते म्हणाले, "इतकी नाजूक वायर आणली कुणी?"

"मग सोमवारी तळघरात मी जाऊ, की हे कपाट?" बाईंनी विचारलं.

"तुम्ही इथेच बसा. सध्या."

"सध्या नको. सगळ्यांसमोर मला बिघडलेली म्हणालात, आता सगळ्यांसमोरच सांगा."

नेगेलींनी दारात उभं राहून, टायची गाठ सारखी करत सांगितलं, "फ्राउ श्टुकी इथेच राहतील. तांत्रिक अडचण दूर झाली आहे."

अडचण कुणी केली, ते मात्र गिळलं. बाई तोवर कामाला लागल्या होत्या.