नकाशातली विहीर

ही ऐंशीनंतरची गोष्ट. पांढुर्ण्याला आमच्या मोहल्ल्यातून जाम नदीवर जायची वाट संत्र्याच्या बागेच्या कडेने होती. त्या उन्हाळ्यात बागेच्या मालकाने तिच्यावर काट्या टाकल्या. "वाट कुठची? हे माझं वावर आहे."

म्हातारे सांगत, वाटेला लागूनच आपल्या लोकांची विहीर होती. गावच्या विहिरीवर चढू देत नव्हते, म्हणून खोदलेली. पुढे एका पुरात गाळाने बुजली. मालक हसला. "विहीर दाखवा अन् वाट घ्या. आजच. उद्या तार ठोकतो."

माझे दीर नागपूरला कॉलेजात शिकत. त्यांनी तिथून जुना सरकारी नकाशा आणला होता. निळी नदी, चढउताराच्या तपकिरी रेषा, आमची वाट तुटक आणि तिच्या कडेला निळा ठिपका. वारा होता, म्हणून मी कोपऱ्यांवर गोटे ठेवून जवळच बसले. दिरांनी काठापासून अंतर धरलं. आमच्याकडे सगळं नदीपासूनच मोजतात. माणसं खोदू लागली. माती, मग मुरूम. दुसरा खड्डा, तिथेही मुरूम.

मालक बांधावर विडी ओढत होता. "पाताळात जाता का, भाऊ?"

ऊन कललं. मी नदीकडे पाहिलं. सासूबाई लग्न होऊन आल्या तेव्हा काठावरच्या ज्या दगडावर धुणं धुवायच्या, तो आता मधल्या धारेत होता. म्हणजे काठ पुराने खाल्लेला, नकाशातल्या जागी नव्हता. नकाशात टाक्यांसारखी काळी रेषा होती, रेल्वेची. ती कशी सरकेल?

इतक्या माणसांत बोलायची माझी छाती नव्हती. सासूबाईंच्या कानाशी लागले.

"मोठ्यानं बोल ना वं!"

मी मानेनंच नाही म्हटलं. मग त्याच ओरडल्या, "सून सांगून राहिली, रुळापासून मोजा! नदीचा काय भरवसा?"

दिरांनी कपाळावर हात मारला. नवीन माप थेट काट्यांच्या ढिगाखाली आलं.

"काट्यांले हात लावायचा नाही," मालक उठला.

"तुम्हीच म्हणाले, दाखवा," माझा नवरा म्हणाला आणि उघड्या हातांनी फांद्या ओढू लागला. मालक अगदी जवळ येऊन उभा राहिला. नवऱ्याचे हात रक्ताळले, पण तो थांबला नाही. कंबरभर खोदल्यावर टिकास दगडावर वाजली. दगडाला लागून दगड, गोल.

मालकाने वाकून तो गोल पाहिला. मग बागेत गेला.

सासूबाई काट्यांतून वाटेने निघाल्या.

"कुठं चालल्या?"

"नदीवर."

"हंडा?"

"हंडा कायले पाहिजे? वाटेनं चालून येतो."