गालाला लावलेला झगा

नवं कापड गालाला लागलं, की अजून मावशी आठवते. ती लहान मुलांचे कपडे शिवायची. आत टाचणी राहून लेकराला टोचली तर, ही धास्ती तिच्या जिवाला कायम. शिवलेला झगा ती उलटा करून गालावर फिरवायची, घडी घालायची, पुन्हा उलगडायची. वर स्वतःलाच म्हणायची, "डोळे फुटलेत का बाई तुझे?"

हाताखालच्या मुलींनी बाही उलटी जोडली, तरी मात्र तिचा आवाज चढत नसे. "असू दे गं, उसवू. कापड काही पळून जात नाही."

एकदा गिऱ्हाईक दारात ताटकळलं होतं, आणि झगा तिच्या हातून सुटेना. गाल लाल झालेला, आणि तोंडाने स्वतःला तेच बोलणं चालूच. मी म्हटलं, "मावशे, त्या पोरींना असं बोलशील का कधी?"

"त्या पोरी आहेत."

"आणि तू काय स्वतःची सासू आहेस?"

ती हसली. झगा पुन्हा एकदाच, सावकाश फिरवला आणि देऊन टाकला.

धास्ती काही गेली नाही. पण पुढे कित्येक संध्याकाळी मशीनच्या आवाजातून तिचं "असू दे गं" ऐकू यायचं. मुली तर केव्हाच घरी गेलेल्या असायच्या.