खांबावरच्या तारा

राणीसावरगावात पंचफुलाला सगळे केबलवाल्या ताई म्हणत. नवरा सिताराम गेल्यावर तिने त्याची शिडी, पक्कड आणि गावभर पसरलेल्या तारा हाती घेतल्या. आधी टीव्ही, मग इंटरनेट. मूलबाळ नव्हतं. कुणाची लाईन गेली की ती जायची आणि माणसं तिला बसवून घ्यायची. कुणाची सोयरीक जुळली, कुणाची सून रुसली, तिला सगळं ठाऊक असायचं.

मोठी कंपनी गावात आली, निम्म्या दरात जोडण्या देऊ लागली. तरी बरीच घरं पंचफुलाकडेच राहिली. हाक मारली की ती येते, एवढंच कारण.

मग वीजखात्याचा हुकूम निघाला, परवानगी नसलेल्या तारा विजेच्या खांबांवरून काढा. परवानगी हवी तर विमा, अनामत, इंजिनिअरचा दाखला. ती एसटीने गंगाखेडच्या कार्यालयात गेली. तिथले कारकून विवेकराव सभ्य माणूस.

"ताई, नियम सगळ्यांना सारखाच आहे. कंपनीनेही हेच सगळं केलंय."

"त्यांच्याकडं लय माणसं हायत, साहेब. माझ्याकडं मी एकलीच."

"अशाच लोंबत्या तारेला हात लागून मागच्या साली एकजण गेला. आम्ही काय करायचं?"

तिच्याही काही तारा सोललेल्या होत्या, तिने स्वतः झटके खाल्ले होते. गावी येऊन तिनेच शिडी लावली आणि एकेक तार उतरवली. भर उन्हात बघायला कुणी थांबलं नाही.

आता गावात कंपनी एकटीच उरली. दर वाढले. लाईन गेली तर फोनवर नुसता रेकॉर्ड केलेला आवाज. शेजारच्या गल्लीतल्या म्हाताऱ्या नर्मदाबाईंची लाईन बंद पडली, तेव्हा त्या काठी टेकत पंचफुलाकडे आल्या. त्यांची नात निकिता पुण्यात शिकते. रोज व्हिडिओ कॉलवर तिचं तोंड बघायची सवय.

"फुले, बघ की येऊन."

"कंपनीच्या डब्याला मला हात लावता येत न्हाई, काकू."

म्हातारी तरी बसून राहिली. दुसऱ्या दिवशी आली, मग रोजच येऊ लागली. दोघी शेंगा फोडत बोलत बसायच्या. पंचफुला दुपारपासूनच वाट बघायची.

पण नातीचं नाव निघालं की नर्मदाबाई शेंगा बाजूला सारून काठी शोधायच्या. ते पंचफुलाला बघवेना.

"सरकारचा नियम हाय, काकू. तक्रार नोंदवली की त्यांनी मुदतीत दुरुस्ती करायला पायजे. न्हाई केली तर वर अपील करता येतं."

तिने आपल्या साध्या बटणांच्या मोबाईलवरून तक्रार केली. कंपनीने दाद दिली नाही, तशी वरही केली. मग मात्र माणूस आला आणि लाईन सुरू झाली.

त्या संध्याकाळी नर्मदाबाई आल्या नाहीत. पंचफुला त्यांच्या दारापर्यंत गेली. आत निकिता काहीतरी सांगत होती आणि म्हातारी खळखळून हसत होती. पंचफुलाने कडी वाजवली नाही. तशीच माघारी आली, चूल पेटवली आणि आपल्यापुरती एक भाकर थापली.