चौथा वन्स मोअर

कुठलीही गोष्ट एकदाच होऊन संपावी, हे आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांना मान्यच नव्हतं. सिंगापूरमध्ये, क्लेमेंटीत, बरोबर आमच्या डोक्यावर त्यांचा फ्लॅट. उभा जन्म जहाजांच्या इंजिनांत गेलेला, पण माणूस मूळचा सांगलीचा आणि संगीत नाटकांचा वेडा. काही आवडलं की खणखणीत आवाजात 'वन्स मोअर' द्यायचेच. माझ्या आमटीला दिला तेव्हा मी खूश झाले, खोटं कशाला बोलू? पण एकदा बसच्या ड्रायव्हरनं झोकात वळण घेतलं, तर त्यालाही दिला! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "अंकल सो लाउड लाह," म्हणत माझी लेक दुसऱ्या सीटवर जाऊन बसली. खालच्या हॉकर सेंटरमधली, म्हणजे खाण्याच्या गाळ्यांवरची, कॉफीवाली आंटी तर त्यांना पाहिलं की न विचारता दोन कप ठेवायची.

त्यांचा संसारही या खोडीवरच उभा राहिलेला. तरुणपणी काकू हौशी नाटकांत कामं करायच्या. एका नाटकात शेवटी नायिका पद म्हणून मरते. काकांनी पहिल्या रांगेतून वन्स मोअर दिला. काकू उठल्या, पदर सारखा केला, पद पुन्हा म्हटलं आणि पुन्हा मेल्या. असं तीनदा. "तिसऱ्यांदा उठताना माझ्याकडे बघून डोळे वटारले," काका सांगायचे, "तेव्हाच ठरवलं, लग्न करीन तर हिच्याशीच." त्यावर स्वयंपाकघरातून काकू म्हणायच्या, "चौथ्यांदा मागितला असता, तर उठले नसते हं."

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर कधीतरी शहरातल्या जुन्या थिएटरात इटालियन ऑपेरा लागला. काकांनी नेपल्सच्या बंदरात असताना एक पाहिला होता. तेही संगीत नाटकच, फक्त तबला नाही, असं त्यांचं मत. काकूंना दाखवायचाच म्हणून त्यांनी पुढची दोन तिकिटं काढली. काकू तेव्हा हॉस्पिटलमध्ये होत्या. कुठली साडी नेसायची तेही त्यांनी मला सांगून ठेवलं होतं. प्रयोगाच्या पंधरा दिवस आधी त्या गेल्या.

तिकीट वाया नको, म्हणून काका मला घेऊन गेले. काकूंच्या खुर्चीत बसणं अगदी जिवावर आलं होतं. शेवटच्या अंकात आजारी नायिका पलंगावरून उठली, जीव ओतून गायली आणि कोसळली. पडदा पडायच्या आत काका उभे.

"वन्स मोअर!"

सगळ्या माना आमच्याकडे वळल्या. टॉर्च घेऊन थिएटरातली एक मुलगी धावत आली. मी लाजेनं काकांचा सदरा ओढत होते. ते रंगमंचावरची नजर न काढता मला समजावल्यासारखे म्हणाले, "उठतात गं. आपल्याकडे उठतात."

पडदा पडला. पुन्हा वर गेला तेव्हा नायिका हसत उभी होती, वाकून नमस्कार करत होती. लोक टाळ्या वाजवत होते. काका मात्र नुसते तिच्याकडे बघत बसून राहिले.

पुढे ते सांगलीला परतले. इथून जाईपर्यंत त्यांनी कशालाच वन्स मोअर दिला नाही, माझ्या आमटीलाही नाही. मला अजून त्यांचा तो सदरा आठवतो. ओढायला नको होता मी. उभं राहून त्यांच्याबरोबर ओरडायला हवं होतं.