मातीसकट गाजरं

आमच्या सोसायटीमागच्या मैदानावर थंडीत दर रविवारी शेतकरी बाजार भरतो. मीही जाते, शाल पांघरून, कापडी पिशवी मिरवत. संक्रांत जवळ आली की तिथे भोगीच्या भाजीच्या टोपल्या मिळतात. गाजरं, पावटा, वांगी, हरभऱ्याचे घाटे. हल्ली मैत्रिणींना भेट म्हणून आम्ही ह्याच देतो.

मागच्या रविवारी एका मावशींनी गाजरं लखलखीत धुऊन आणली होती. पहाटेच्या गार पाण्याने त्यांची बोटं अजून लाल दिसत होती. माझ्या पुढच्या बाईंनी एक गाजर उचललं आणि नाक मुरडलं. "हे गावरान वाटतच नाही हो. मातीसकट नाहीत का?"

 मावशी म्हणाल्या, "आणते की. मातीला काय तोटा?"

आज आणली. गाजरांना ओल्या मातीचा लेप, अगदी हाताने थापल्यासारखा. अर्ध्या तासात टोपल्या संपत आल्या. त्या बाईंनी तर डोळे मिटून वास घेतला, फोटो काढून घेतला. काय ही मातीची ओढ! तासभर शेतात उभं केलं तर ह्यांना सलाईन लावावं लागेल.

मनातल्या मनात हसत मीही एक टोपली घेतली. मातीचीच, कारण धुतलेली कुणाला देणार? टोपली जड होती, म्हणून मावशी ती माझ्या घरापर्यंत घेऊन आल्या. मी दार उघडलं आणि चटकन म्हणाले,

"मावशी, बाहेरूनच द्या हं. पायाला माती आहे तुमच्या."